दहा वॉटचे अडीच वॉट



गेल्या महिन्यात मी घरी एक ॲम्प्लिफायर जोडला. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाच्या हातात सोल्डरिंग आयर्न पाहून घरच्यांना काळजी वाटली, पण बोलून कुणी दाखवलं नाही. बोर्ड मात्र तयार होता, पुण्याच्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळालेला. त्यावर टीपीए ३११६ नावाची चिप. माझं काम डबा, सॉकेटं, वायरी आणि बारा व्होल्टचा ॲडाप्टर, एवढंच.

दुकानदार म्हणाला, "काका, पन्नास-पन्नास वॉट आहे. डिजिटल!"

आता मास्तरकीची खोड अशी की कुणी छातीठोकपणे काही सांगितलं की "आधार काय?" असं विचारल्याशिवाय राहवत नाही. 'पन्नास' आणि 'डिजिटल' हे दोन्ही शब्द तपासायचे ठरवले. तपासता तपासता पोचलो थेट १९६४ सालच्या इंग्लंडात!

आधी 'डिजिटल'चं बघू. या जातीच्या ॲम्प्लिफायरला 'क्लास डी' म्हणतात. डी म्हणजे डिजिटल असा समज सगळीकडे आहे, पण तसं नाही. ए, बी, सी ही नावं आधीच दिलेली होती, पुढचं अक्षर डी. बस्स.

त्याचं काम समजायला पंख्याचं उदाहरण घ्या. आपल्या लहानपणीचे ते मोठे काळे रेग्युलेटर आठवतात? पंखा हळू करायचा म्हणजे वीज अडवायची, आणि अडवलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडायची. रेग्युलेटरला हात लावला की गरम. जुने ॲम्प्लिफायर याच रीतीने चालतात. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवायचा आणि विजेला हवी तेवढी वाट द्यायची. म्हणून त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या. क्लास बी पद्धतीत कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या पुढे कार्यक्षमता जात नाही.

क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर हा नुसता स्विच. पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. आवाजाची लाट वर असेल तेव्हा 'चालू' जास्त वेळ, खाली असेल तेव्हा कमी वेळ. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर ही सगळी फडफड गाळून टाकतात आणि मूळ लाट स्पीकरकडे जाते. स्विच पूर्ण बंद असेल तर त्यातून वीजच जात नाही, पूर्ण चालू असेल तर अडथळा नाही. मग तापणार काय? पण यात आकडे कुठेच नाहीत. 'चालू' किती वेळ राहायचं हे मोजून नाही, लाटेच्या उंचीप्रमाणे ठरतं. म्हणजे माझा बोर्ड काही डिजिटल नव्हे. दुकानदाराचा एक मार्क गेला.

गंमत अशी, की या पद्धतीचं श्रेय ज्यांना बहुधा दिलं जातं ते ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज खऱ्या डिजिटल आवाजाचेही जनक. आवाजाचे तुकडे मोजून ते आकड्यांत पाठवण्याची, म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशनची, कल्पना त्यांनी १९३८ साली पेटंटसाठी दाखल केली होती. तेव्हा ती स्वस्तात उतरवू शकतील असे भाग जगात नव्हते. क्लास डी १९५० च्या दशकातला. त्याचीही तीच गत. माणूस बरोबर होता, सामान तयार नव्हतं.

आणि इथे येतात क्लाइव्ह सिंक्लेअर. तेच, ज्यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक १९८२ साली आला आणि खूप गाजला. विद्यापीठात गेले नाहीत. विजेच्या छंदाच्या मासिकात काम केलं, छोटी पुस्तकं लिहिली आणि १९६१ साली, एकविसाव्या वर्षी, स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीला एका कारखान्याने नापास ठरवलेले ट्रान्झिस्टर ते विकत घेत, एकेक तपासत आणि चालणारे निवडून विकत. हे वाचून मला बरं वाटलं. नापासांच्या ढिगाऱ्यात हात घालणारा माणूस!

१९६४ साली त्यांनी 'एक्स-१०' नावाचा ॲम्प्लिफायर विकायला काढला, जोडून घ्यायच्या किटच्या रूपात. क्लास डी बाजारात आला तो हा असा, टेबलावर बसून जोडणाऱ्या हौशी लोकांकरवी. नावातले दहा म्हणजे दहा वॉट. प्रत्यक्षात मिळत होते सुमारे अडीच. शिवाय आसपासच्या रेडिओत खरखर. मागोमाग वीस वॉटचा 'एक्स-२०' आला, त्याचंही नीट जमलं नाही.

चूक कुठे होती? तेव्हाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मंद. चालूचे बंद होताना मधल्या अवस्थेत रेंगाळायचे, आणि त्या मधल्या अवस्थेतच ट्रान्झिस्टर तापतो. एकाचा स्वभाव दुसऱ्यासारखा नाही, त्यामुळे एकाचं किट चाललं म्हणून शेजाऱ्याचं चालेलच असं नाही. त्या बिचाऱ्या हौशी माणसाचा विचार करा. रात्र जागून जोडलंय, आवाज बेताचा येतोय. त्याला काय वाटलं असेल? आपलंच काहीतरी चुकलं!

पुढे सिलिकॉनचे वेगवान मॉसफेट आले आणि तीच कल्पना रुळावर आली. १९९५ साली कॅलिफोर्नियात आद्य त्रिपाठी या भारतीय वंशाच्या अभियंत्याने ट्रायपाथ ही कंपनी काढली. तिची टीए २०२० ही चिप १९९८ ची. तिच्याच घराण्यातली टीए २०२४ पुढे चाळीस डॉलरच्या आतल्या, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसली, आणि त्या डब्याचा आवाज ऐकून महागड्या ॲम्प्लिफायरवाल्यांनी कान टवकारले. २००९ साली 'आयईईई स्पेक्ट्रम'ने जग हलवणाऱ्या पंचवीस चिप्सची यादी केली, तीत टीए २०२० होती. कंपनी मात्र २००७ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. इतिहासाची ही जुनी खोड.

आता माझ्या डब्याकडे येतो. पहिल्यांदा वीज दिली तर एक टिक्... आणि शांतता. अर्धा तास शोधलं. जुन्या सवयीप्रमाणे मी दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र बांधल्या होत्या. या बोर्डात प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल असतो, 'जमीन' कुठलंच टोक नसतं. चिपने स्वतःला बंद करून घेतलं म्हणून वाचली. १९६४ चा ट्रान्झिस्टर असता तर जळाला असता.

वायरी सुट्या केल्या. स्पीकर लावण्याआधी मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांतला डीसी मोजला, जवळजवळ शून्य. मग स्पीकरच्या जागी आठ ओहमचा जाड पांढरा सिमेंट रेझिस्टर आणि मोबाइलवरून १०० हर्ट्झचा एकच सूर. एक छोटा स्पीकर मोठ्या रेझिस्टरमधून बाजूला जोडला, सूर फाटू लागला की कळावं म्हणून. आवाज वाढवत गेलो. सूर फाटण्याच्या अलीकडे मीटरवर आठ व्होल्ट. आठाचा वर्ग चौसष्ट, भागिले आठ, म्हणजे आठ वॉट. ॲडाप्टरकडून तेव्हा ०.८ अँपिअर जात होता, म्हणजे ९.६ वॉट. त्यातले आठ बाहेर, ८३ टक्के! चिपला बोट लावलं, जेमतेम कोमट. कागदावरही बारा व्होल्टवर आठ ओहमात नऊच वॉट निघतात. पन्नास हवे असतील तर एकवीस व्होल्ट, चार ओहमचा स्पीकर आणि दहा टक्के विकृत आवाज सोसायची तयारी पाहिजे. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याने अटी सांगितल्या नाहीत एवढंच.

हे मोजताना एक जुनी गोष्ट वर आली, ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नोकरीत असताना एका वर्षी विज्ञान प्रदर्शनात परीक्षक कमी पडले म्हणून मलाही बसवलं. नववीतल्या एका मुलाने बिस्किटाच्या डब्यात ॲम्प्लिफायर केला होता. पाटीवर लिहिलं होतं 'पाच वॉट'. चालू केला तर नुसता कर्कश शिट्टी मारू लागला. मुलं हसली. मीही हसलो. वहीत 'निरुपयोगी' असा शेरा लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. काय जोडलंस, कुठे अडलं, असा एक प्रश्नही विचारला नाही. त्याचं नाव आठवत नाही. डब्यावर हात ठेवून आवाज दाबायचा त्याचा प्रयत्न आठवतो.

ती शिट्टी बहुधा एखाद्या चुकीच्या वायरीची होती. माझ्या काळ्या वायरींसारखीच. मला अर्धा तास मिळाला, त्याला मी अर्धा मिनिटही दिला नाही. सिंक्लेअरच्या दहा वॉटला जो इतिहासाचा शिक्षक 'काळाच्या पुढचा' म्हणतो, त्याने त्या पोराच्या पाच वॉटला काय म्हणायला हवं होतं?

असो. माझ्या डब्यावर मी आता चिठ्ठी चिकटवली आहे: 'आठ वॉट, बारा व्होल्टवर, मोजलेले.' सकाळी त्यावर अभंग लावतो. आठ वॉट आमच्या दोन खोल्यांना पुरून उरतात.