मिरची, कुंडी आणि घोड्याची लीद

अतितिखट मिरच्या कुंडीत वाढवण्याची हौस हे आपल्याच काळाचे खूळ आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक थंड युरोपात मिरची वाढू लागली तीच मुळी कुंडीत. आजचा थ्रेड त्या कुंडीविषयी.

जानेवारी १४९३. कॅरिबियन बेटांवरचे लोक एक तिखट फळ नित्य खातात, अशी नोंद कोलंबसाने केली. तो निघाला होता मिऱ्यांच्या शोधात; साहजिकच त्याच्या लेखी हीसुद्धा एक प्रकारची मिरीच ठरली. (आपणही 'मिरे'वरूनच 'मिरची' म्हणू लागलो, तेव्हा त्याला हसण्यात अर्थ नाही.)

पुढच्या पन्नास वर्षांत हे झाड जर्मनीत पोहोचले. लेओनहार्ट फुक्स या वैद्याने १५४२ साली छापलेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याची सुरेख चित्रे दिली आणि नाव दिले 'कालिकतची मिरी'! मिरचीची मायभूमी अमेरिका. हिंदुस्थानात ती पोर्तुगीज जहाजांतून आली. पण युरोपला मसाल्याचा बाजार ठाऊक होता, मसाल्याचे शेत नव्हे. याच फुक्सने ही झाडे जर्मनीत मातीच्या कुंड्यांत लावली जातात, असेही नोंदवून ठेवले आहे.

कुंडीच का? मिरची स्वदेशी अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे, परंतु हिमकडा पडला की मरते. लंडनच्या जॉन जेरार्डने १५९७ मध्ये यावर दिलेला उपाय आजही वाचण्याजोगा आहे. बी घोड्याच्या गरम लिदीच्या वाफ्यात पेरावे, तीन-चार पाने फुटताच रोप कुंडीत हलवावे, ऊन जाईल तिकडे कुंडी न्यावी आणि शरदातल्या थंड रात्री ती घरात घ्यावी. कुजणाऱ्या लिदीची ऊब म्हणजे आजच्या विजेच्या उबदार चटईची पूर्वजच.

ही ऊब नवशिक्याने विशेष ध्यानात घ्यावी. भूत जोलोकियासारख्या जातींच्या बियांना साधारण २५ ते ३० अंश उष्ण माती लागते, आणि तरीही अंकुर दिसायला कधी तीन-चार आठवडे जातात. दुसऱ्याच आठवड्यात निराश होऊन कुंडी उपडी करणारा जिवंत बी फेकून देत असतो. आपल्याकडे संकट जेरार्डच्या उलट: मे महिन्याच्या काहिलीत फुले गळतात आणि पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून कुंडीच्या तळाला भोके हवीतच. उन्हाळ्यात दुपारची सावलीही द्यावी.

या अतितिखट कुळाचे शास्त्रीय नाव 'कॅप्सिकम चायनेन्स', म्हणजे चीनची मिरची! १७७६ साली जॅकिनने ते दिले. मूळ मात्र ॲमेझॉनच्या परिसरात. कालिकतनंतर चीन, पत्ता दुसऱ्यांदा चुकला.

तिखटपणा मोजण्याची रीत १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने काढली. अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केल्यावर जिभेला कळेनासा होतो, ते पाहायचे. ईशान्य भारताच्या भूत जोलोकियाने २००७ साली १० लाखांचा टप्पा ओलांडून गिनेस विक्रम केला. २०२३ पासून तो मान 'पेपर एक्स'कडे आहे, २६,९३,००० एककांसह.

हा जाळ बियांत नसून त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात असतो, आणि तो नुसत्या पाण्याने धुतला जात नाही. फळ चिरताना हातमोजे घालावेत. ते नसतील तर हाताला आधी तेल चोळून मग साबण लावावा.