आधी मराठी, मग बाकी सगळं

मी दौंडचा, बीटेक झालोय, पण परदेशी क्लायंटच्या कॉलवर माझं इंग्रजी अजून घशात अडकतं. म्हणून आजची गोष्ट उलट्या दिशेची: मराठी शिकायला बसलेल्या एका स्कॉटिश जोडप्याची.

जॉन आणि मार्गारेट विल्सन 1829च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. जॉन तेव्हा 24 वर्षांचे, मिशनरी. पण आल्या आल्या उपदेश नाही. आधी कोकणात, बाणकोट-हर्णैकडे, तिथल्या जुन्या मिशनऱ्यांजवळ राहून मराठी. आपलं जॉइनिंगनंतरचं ट्रेनिंगच म्हणा ना! मग मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. हेतू धर्मप्रसाराचा होता, ते कशाला लपवा? पण मुलींना शिकवायला तेव्हा तयार तरी किती जण होते? 1835 मध्ये बाई गेल्या. भारतात जेमतेम सहा वर्षं.

जॉन इथेच राहिले. 1857 मध्ये मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, 60 हजारांच्या आसपास शब्दांची. त्यात मराठी भाषेवरचं टिपण जॉन यांचं आहे. नंतर येणाऱ्या नवख्या मिशनऱ्यांच्या हातात हाच कोश असायचा.

आता तो ऑनलाइन फुकट मिळतो. ट्रेनमध्ये मी उघडून बसतो, पाटसला नेटवर्क जाईपर्यंत.