1024 शब्दांपासून 32 जीबीपर्यंत : अपुऱ्या जागेचा सत्तर वर्षांचा इतिहास

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टिमची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली. ही बातमी देशभर झळकली. पण तिचा खरा अर्थ कळतो तो ज्याच्या हाती जुना, स्वस्त लॅपटॉप आहे त्यालाच. कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, डायमंड हार्बर रस्त्याच्या दुतर्फा पसरलेल्या बेहाला उपनगरातील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. तिच्या लॅपटॉपवर साठवण 32 जीबीची. अद्यतनाचे बटण दाबताच यंत्र सांगते, पुरेशी जागा नाही. ती छायाचित्रे पुसते, गाणी पुसते, अखेर वर्गातील टिपणेही पुसते; तरी उत्तर तेच. आपणच यंत्र अडगळीने भरले, असे तिला वाटते. ही समजूत चुकीची आहे. या टंचाईला सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील भारताचे पहिले प्रकरण तिच्याच शहराच्या उत्तर टोकाला लिहिले गेले.

बारानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापन केली. तेथे समरेंद्रकुमार मित्र यांनी 1953 मध्ये दहा चलांची रेषीय समीकरणे सोडवणारा सदृश, म्हणजे अ‍ॅनालॉग, संगणक बांधला. पाठोपाठ 1955-56 मध्ये इंग्लंडहून एचईसी-2एम हे यंत्र आले आणि भारतात अंकीय संगणनाचा आरंभ झाला. अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावर बेतलेल्या या यंत्राची स्मृती होती चुंबकीय ढोलाची, आणि तिच्यात मावत होते केवळ 1024 शब्द. येथे ‘शब्द’ म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढा अंकांचा गट. आजच्या हिशेबात ही सारी स्मृती काही हजार बाइटांची. मोबाइलवरील एका छायाचित्राचा एक कोपराही तीत मावला नसता.

या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच. आज्ञावली यंत्रभाषेत लिहायची, आत भरायची, गणित करून घ्यायचे आणि पुढच्या माणसासाठी जागा मोकळी करायची, असा क्रम असे. कोणतीही आज्ञावली यंत्रात कायमची मुक्कामाला राहत नसे. म्हणून ‘अपग्रेड’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. जागा टिचभर होती, पण ती सगळी वापरणाऱ्याची होती.

मुंबईतही त्याच सुमारास याच टंचाईशी झुंज चालू होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक घडला आणि 1960 मध्ये तो पूर्णत्वाने चालू झाला. त्याच्या फेराइट-कड्यांच्या स्मृतीत 40 बिटांचे 2048 शब्द मावत. म्हणजे बरोबर 10 किलोबाइट. चारच वर्षांनी, 1964 मध्ये, त्याच संस्थेत सीडीसी 3600 हे अमेरिकी यंत्र आले. त्यात 48 बिटांचे 32 हजारांहून अधिक शब्द मावत. म्हणजे 192 किलोबाइट. स्मृती जवळजवळ वीसपट झाली. मात्र या पिढीच्या यंत्रांबरोबर एक नवा भाडेकरूही घरात शिरला होता. कामांची रांग लावणारी, छपाईयंत्र व चुंबकीय फिती सांभाळणारी एक आज्ञावली आता यंत्रात सदैव बसून राहू लागली. तीच ऑपरेटिंग सिस्टिम. माणसांचा वेळ तिने वाचवला, आणि त्याचे मोल जागेच्या रूपाने वसूल केले.

हे मोल किती चढू शकते, याचा धडा जगाला आयबीएमने दिला. एप्रिल 1964 मध्ये सिस्टिम/360 ही संगणकमालिका जाहीर झाली. लहानमोठ्या सर्व यंत्रांवर चालेल अशी एकच ओएस/360 लिहावी, असा तिचा संकल्प होता. सिस्टिम लांबली आणि फुगलीही. लहान यंत्रांत ती मावेना, म्हणून केवळ 16 किलोबाइट स्मृतीच्या यंत्रांसाठी डीओएस/360 ही वेगळी, सडपातळ सिस्टिम द्यावी लागली. ओएस/360 च्या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये या अनुभवावर लिहिलेले ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक आजही अभियंते वाचतात. ‘मोठ्या यंत्रासाठी लिहिलेले लहान यंत्रावर लादणे’ हा बेहाल्यातील प्रश्न तेव्हाच जन्मला होता. फरक इतकाच की, तेव्हा निर्मात्यानेच लहानांसाठी वेगळी वाट काढून दिली.

टंचाईतून उत्तम रचनाही जन्मतात. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी पीडीपी-7 या तोकड्या यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. पुढे ती पीडीपी-11 वर गेली, तेव्हा स्मृती होती 24 किलोबाइट: 16 सिस्टिमला, 8 वापरणाऱ्याच्या आज्ञावलींना. चकतीवर जागा अर्धा मेगाबाइट. एवढ्यात बसायचे म्हणून प्रत्येक साधन छोटे, एकच काम करणारे आणि दुसऱ्याला जोडता येणारे असे घडत गेले. आजच्या लिनक्सने हाच वारसा उचलला आहे.

आता पुन्हा त्या 32 जीबीकडे वळू. 2014 च्या सुमारास अत्यंत स्वस्त लॅपटॉप बाजारात आले. त्यांची साठवण म्हणजे मुख्य पट्टीवर डाखलेली ईएमएमसी चिप. ती काढून मोठी बसवता येत नाही. त्यात पहिली घट आकड्यांच्या भाषेतच होते. निर्माता 32 अब्ज बाइट मोजतो, तर विंडोज 1024 च्या पटीत मोजून तेच 29.8 जीबी दाखवते. 64-बिट विंडोज 10 साठी आरंभी 20 जीबीची अट होती. 2019 मध्ये नव्या यंत्रांसाठी ती 32 जीबीवर गेली. त्याच वर्षापासून नव्या यंत्रांवर पुढील अद्यतनांसाठी सुमारे 7 जीबी राखून ठेवण्याची पद्धत आली. 5 ऑक्टोबर 2021 रोजी आलेल्या विंडोज 11 ने किमान 64 जीबी मागितले. म्हणजे त्या विद्यार्थिनीने एकही छायाचित्र साठवले नसते, तरी तिचे यंत्र अपात्रच ठरले असते.

पण त्याआधीची साधी अद्यतनेही का अडत होती? कारण अद्यतन म्हणजे भिंतीला नवा रंग देणे नव्हे. राहत्या घराशेजारी नवे घर बांधून मग बिऱ्हाड हलवणे होय. जुनी सिस्टिम चालू असताना नवी उतरवून घ्यावी लागते, तिची गाठोडी सोडण्यास जागा लागते, आणि स्थलांतर फसल्यास परतता यावे म्हणून जुने घरही जपावे लागते. विंडोज हे जुने घर ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात सर्वसाधारणपणे दहा दिवस ठेवते. जागा कमी असल्यास ती पेनड्राइव्ह किंवा बाह्य डिस्क जोडण्यास सांगते, ते याचसाठी. अँड्रॉइडने 2016 मध्ये हाच प्रश्न उघडपणे मान्य करून सिस्टिमच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. एक चालू असताना दुसरी बदलायची. त्यातही जागा दुप्पट जाते, म्हणून अँड्रॉइड 11 पासून केवळ बदललेला भाग साठवणारी काटकसरीची पद्धत आली.

दाबून भरण्याचा उपायही जुनाच. 1993 च्या एमएस-डॉस 6 मधील डबलस्पेस चकतीवरील मजकूर आवळून जागा वाढवत असे. विंडोज 10 मधील ‘कॉम्पॅक्ट ओएस’ ही सोय सिस्टिमच्या फायलींना तेच करते. अशाने काही जीबी सुटतात. 32 चे 64 होत नाहीत.

मग अशा यंत्राचे करावे काय? जागतिक ई-कचरा अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ 22.3 टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. ज्याचा कळफलक, पडदा आणि प्रोसेसर धड आहेत असे यंत्र या ढिगात टाकणे हा शेवटचा पर्याय असावा. दुसरीकडे, सुरक्षा-अद्यतने थांबलेल्या सिस्टिमवरून बँकेचे व्यवहार करत राहणे हाही शहाणपणा नव्हे. मधला मार्ग आहे. डेबियन लिनक्सच्या मार्गदर्शिकेत डेस्कटॉपसाठी किमान 10 जीबी जागा सांगितली आहे. आपल्याच सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल सिस्टिम 2007 पासून उपलब्ध केली आहे. अनेक लिनक्स वितरणे आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. वायफाय, ध्वनी आणि मराठी किंवा बांगला टंकलेखन नीट चालते का ते तपासता येते. मग सर्व टिपणांची प्रत बाहेर काढायची, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायची, आणि तेव्हाच जुनी सिस्टिम पुसून नवी बसवायची. जुने घर शेजारी ठेवण्याची गरज न उरल्याने ही नवी सिस्टिम 32 जीबीत सुखाने नांदते. जे काम विंडोजवाचून अडतेच, त्यासाठी मात्र ही वाट नाही. तेथे दुसरे यंत्रच लागेल.

बारानगरच्या संशोधकांना 1024 शब्दांपैकी प्रत्येक शब्द कोठे जातो हे ठाऊक असे. आजच्या विद्यार्थ्याला 29.8 जीबीपैकी सिस्टिमने किती घेतले, राखीव किती, जुन्या प्रतीत किती अडकले, हे कोणी सांगत नाही. आणि दोष मात्र त्याच्या छायाचित्रांवर येतो. म्हणून नवा लॅपटॉप घेताना दोन प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारा : सिस्टिम बसल्यावर प्रत्यक्ष मोकळी जागा किती उरते, आणि साठवण पुढे बदलता येते की डाखलेली आहे? या दोन उत्तरांवर त्या यंत्राचे पुढील आयुष्य बरेचसे ठरलेले असते.