उभ्या दगडांचे गणगोत

मृतांच्या अवशेषांवर किंवा स्मरणार्थ उभारलेल्या, बहुधा न घडवलेल्या मोठ्या दगडांना पुरातत्त्वात ‘महाश्म’ म्हणतात. विदर्भातील महाश्मांची कुळकथा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकापर्यंत मागे जाते, आणि याच जातीचे दगड गडचिरोलीतील भामरागडच्या जंगलात माडिया गोंडांनी आपल्या मृतांसाठी उभे केलेले आहेत. या दोन टोकांची थेट सांगड घालण्याचा मोह अभ्यासकांना जुनाच आहे. तो अगदीच निष्फळ नसला, तरी त्यातून नेमके काय हाती लागते हे तपासून घेणे भाग आहे.

नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली लिहिले. पद्धतशीर उत्खनने मात्र शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ नंतर टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे केली. मोठमोठ्या दगडांचे कडे, त्याच्या आत माती व गोट्यांचा भराव, त्याखाली अस्थी, काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी हत्यारे, अशी या वर्तुळांची सर्वसाधारण रचना आढळली. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला घट्ट बसावे म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या दिसतात, आणि नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. माहुरझरीला घोड्याच्या मुखावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. काही घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा असल्याने, धन्याबरोबर त्याच्या जनावराचाही बळी दिला जात असावा, असे अनुमान निघते. घोडे बाळगणारा आणि लोहारकीत तरबेज असलेला समाज या वस्तूंतून स्पष्ट उभा राहतो. परंतु ज्यांनी ते अवजड दगड ओढून आणले ती माणसे मृताची कोण लागत होती, हे दफनातील कोणतीही वस्तू सांगत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे हीच परंपरा वेगळ्या रूपात भेटते. तेथे शिळाकक्ष आहेत, म्हणजे उभ्या दगडांवर सपाट शिळा ठेवून केलेल्या खोलीवजा रचना.

दगड ओढून आणणाऱ्यांच्या नात्यांचा हा प्रश्न सुटण्याची वाट गडचिरोलीच्या दक्षिणेकडील जंगलातून जाते. भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतील माडिया गोंड ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक असून, मृतासाठी दगड उभा करण्याची चाल या समाजात आहे. इंद्रावती नदीपलीकडच्या बस्तरातील माडियांच्या अशाच चालीचे तपशीलवार वर्णन ग्रिगसन यांनी १९३८ च्या ग्रंथात केले आहे. दगड जंगलातून निवडून आणायचा, तो घडवायचा नाही, त्यावर नाव कोरायचे नाही आणि आपल्याच कुळाच्या जागी पूर्वीच्या दगडांशेजारी रोवायचा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. दगड मोठा असेल तर तो आणायला माणसे जास्त लागतात, आणि जमलेल्यांना भात, मांस व मोहाची दारू द्यावी लागते. चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे जे गट गोंडांत मानले जातात, त्यांत एकाच संख्येच्या देवांचे लोक परस्परांचे भाऊबंद ठरतात व त्यांच्यात सोयरीक होत नाही; त्यामुळे भाऊबंद कोण आणि सोयरे कोण याचा हिशोब अशा प्रसंगी साऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांडला जातो. दगडाच्या आकाराला केवळ मृताच्या श्रीमंतीचे माप समजणे म्हणूनच अपुरे आहे. त्याच्या घरच्यांनी हाक दिल्यावर किती हात लागले, याचेही ते माप आहे.

यावरून आजचे माडिया हे माहुरझरीच्या घोडेस्वारांचे वंशज ठरत नाहीत. मधल्या अनेक शतकांची साखळी जुळत नाही, आणि उभे दगड खासींच्या मेघालयातही आहेत, इंडोनेशियाच्या सुंबा बेटावरही आहेत. तेवढ्यावरून कोणी कोणाचा पूर्वज होत नाही. माडियांच्या चालीने उत्खनकाला आयते उत्तर मिळत नाही, पण दगड ओढणारे मृताचे कोण लागत होते हा योग्य प्रश्न मिळतो, आणि हा लाभ काही थोडाथोडका नव्हे.

गोंड राजांनी मात्र स्मारकाची निराळी तऱ्हा स्वीकारली. चंद्रपूरला राणी हिराईने पती बीरशहा याची समाधी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधवली. ती घडीव दगडांची भव्य इमारत असून एका राजाच्या नावाने ओळखली जाते. माडियांच्या दगडाला नाव असते ते रांगेतील जागा ठाऊक असलेल्या कुळाच्या स्मरणात, आणि कूळ गाव सोडून गेले की तो दगड इतर दगडांसारखाच होतो. या दगडांची नोंद करायची तर ती कुळातील जाणती माणसे हयात आहेत तोवरच व्हायला हवी, आणि ती गावाच्या संमतीने व्हायला हवी.

या नोंदीला आता कायद्याचेही पाठबळ आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली ज्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या २००८ च्या नियमांतील नियम १३ मध्ये, सामूहिक दाव्याचा पुरावा म्हणून देवराया आणि पवित्र वृक्षांबरोबर दफनभूमीचाही उल्लेख आहे.