फेड: तीन अक्षरांमागची गोष्ट

रविवारची सकाळ, हातात जुना फेड-२, त्यावर ज्युपिटर-८ लेन्स. ३६ फोटोंचा रोल, त्यामुळे प्रत्येक क्लिकआधी विचार करावाच लागतो. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या, की झाला फोकस.

पण 'फेड' म्हणजे काय हो? फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की. 'चेका' या सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख! १९२७ साली खारकीव्हजवळ त्याच्या नावाने बेघर मुलांसाठी एक कम्यून निघालं. यादवी युद्ध आणि दुष्काळात रस्त्यावर आलेली ही मुलं. त्यांचे शिक्षक अंतोन माकारेंको. शिकायचं आणि कारखान्यात राबायचंही. आधी इलेक्ट्रिक ड्रिल, मग १९३४ पासून जर्मन लायकाची नक्कल. आमच्या भाषेत, रिव्हर्स इंजिनिअरिंग!

ज्युपिटर-८चं मूळही जर्मनच. झाइसच्या सोनारचं डिझाइन, महायुद्धानंतर सोव्हिएतांच्या हाती लागलेलं.

माझा कॅमेरा युद्धानंतरचा, त्याला त्या मुलांचे हात लागलेले नाहीत. अक्षरं मात्र तीच. स्वस्तातली कॉपी म्हणून आपण हसतो. पण कालपर्यंत फुटपाथवर झोपणाऱ्या मुलांनी असलं नाजूक यंत्र बनवलं, आणि त्यावर नाव लागलं ते हजारोंना गोळ्या घालणाऱ्या खात्याच्या प्रमुखाचं. दोन्ही खरं.

असो. रोल धुवायला दिलाय.