कोडाईकनालची माती आणि पारा

मार्च २००१. तमिळनाडूतील कोडाईकनाल या थंड हवेच्या ठिकाणी एका भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग सापडला. वजन भरले ७.४ टन. काच हिंदुस्तान लिव्हरच्या तापमापक कारखान्यातील होती. त्याच महिन्यात कारखाना बंद पडला.

हा कारखाना मूळचा अमेरिकेतील वॉटरटाउनचा. १९८३मध्ये पाँड्सने तो पळणीच्या डोंगरांत हलवला. तापमापक मुख्यतः परदेशी जात. मागे राही ती फुटकी काच आणि सांडलेला पारा. कारखान्याच्या मागचा उतार थेट पांबर शोलाच्या जंगलात उतरतो, त्यामुळे पावसाच्या पाण्याला वाट दाखवावी लागत नाही.

धातुरूप पारा गिळला गेला तर आतड्यांतून फारसा शोषला जात नाही. त्याची वाफ मात्र घातक. ती सामान्य तापमानालाच निघते, तिला रंग नाही, वास नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात मिसळतो, मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. हातांचा कंप, स्मृतिभ्रंश, चिडचिड ही तिची जुनी ओळख. मातीतून ओढ्याच्या गाळात गेलेल्या पाऱ्याचे काही जिवाणू मिथिलपाऱ्यात रूपांतर करतात; तो माशांत साठतो आणि माशांतून माणसात येतो. गर्भातील बालकाच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक.

कामगारांच्या आजारांवर वर्षानुवर्षे वाद झाला. कारखान्यामुळे कोणाच्याही आरोग्याला अपाय झाला नाही, ही कंपनीची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. तरी २०१६मध्ये तिने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. २००३मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. विषारी कचरा श्रीमंत देशाकडे उलट जाण्याचा हा प्रकार दुर्मीळच.

माती मात्र जागेवरच होती. पारा मूलद्रव्य असल्याने कुजत नाही, विघटित होत नाही. तो धुऊन किंवा तापवून मातीतून बाहेर काढावा लागतो. मग प्रश्न उरतो, किती काढायचा? एक किलो मातीत २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. निर्मळ मातीत पारा एका मिलिग्रॅमच्याही बराच खाली असतो, म्हणून कार्यकर्त्यांनी कितीतरी कडक मर्यादा मागितली. त्यावरचा प्रतिवादही पोकळ नव्हता: जास्त माती उपसली तर झाडे जातील, उतार ढासळेल, आणि उरलेला पारा पावसाबरोबर शोलाच्या जंगलात उतरेल. २०च्या खालची माती जिथे आहे तिथेच ठेवायची, असा त्या मर्यादेचा अर्थ आहे.