‘डिस्ट्रक्शन’ आणि हूमेनची अफू

इंग्रजी शिकूं लागलेल्या चिनी विद्यार्थ्यास ‘डिस्ट्रक्शन’ या शब्दाचा अर्थ ‘नाश’ एवढाच सांगून भागत नाहीं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ रचणें. उपसर्गानें तो उलटला, म्हणजे रचलेलें उतरविणें असा झाला. पुढें नगराचा विध्वंस, सैन्याचा संहार, कागदपत्रें जाळणें, हें सर्व त्या एका शब्दांत सामावलें. नाश झाला एवढें तो सांगतो. कसा झाला तें सांगत नाहीं. चिनी भाषेची वृत्ति निराळी आहे. ‘फन्’ म्हणजे जाळणें. त्या अक्षरांत वृक्षांखालीं अग्नि आहे. ‘म्ये’ म्हणजे विझविणें; त्याच्या जुन्या रूपांत जल व अग्नि दोन्ही आहेत. ‘श्याव्’ म्हणजे मुळांत धातु वितळविणें. त्यास धातूचीच खूण आहे.

हा भेद केवळ कोशांतला नव्हे, हें एका ऐतिहासिक प्रसंगावरून दिसतें. इ. स. १८३९ त बादशाही आयुक्त लिन् त्सेश्यू यानें कँटन येथें ब्रिटिशांकडून अफूच्या २०,२८३ पेट्या घेतल्या. तींत मुंबई बंदरांतून गेलेली माळव्याची अफूहि होती. ३ जूनपासून सुमारें तीन आठवडे हूमेनच्या किनाऱ्यावर तिचा नाश चालला होता. ती जाळली, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः खणलेल्या कुंडांत मिठाचें पाणी भरून अफूचे गोळे त्यांत टाकीत, वर चुना घालीत आणि तो काला ओहोटीबरोबर समुद्रांत सोडीत. जाळलेल्या अफूचा रस जमिनींत मुरतो व लोक माती उकरून तो काढतात, म्हणून ही युक्ति. समुद्र विटाळणार यासाठीं लिन् यानें आधीं सागरदेवतेची पूजाहि केली. चिनी इतिहास या प्रसंगास ‘श्याव्-येन्’ म्हणतो. वितळविण्याचा शब्द येथें नेमका बसला आहे.

युद्धानंतर १८४२ च्या नानकिंगच्या तहानें अफूची किंमत म्हणून ६० लक्ष डॉलर चीनवर लादण्यांत आले. त्या कलमांत नाशाचा उल्लेखच नाहीं. ब्रिटिश प्रजाजनांचे प्राण वांचविण्यासाठीं दिलेली खंडणी, असें अफूचें वर्णन आहे. जेत्यानें त्या कृत्याचें नांवच पुसून टाकलें.

आमचा ‘नाश’ हि दिसेनासें होणें या अर्थाच्या ‘नश्’ धातूपासून आलेला. तोहि रीत सांगत नाहीं. म्हणून हा शब्द वाचतांच कोणीं, कशाचा व कसा, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय विद्यार्थ्यास लावावी, असें आम्हांस वाटतें. तें काम कोश करीत नाहीं. आणि तहनामे तर मुद्दाम टाळतात.